आंबा बागेसाठी नवी 4×4 पिकअप घ्यावी की मिलिटरी डिस्पोजलचा ट्रक?

कलम_आणि_काजू (प्रश्न)

लांजा तालुक्यात सहा एकर हापूस, बांधाला काजू. डांबरी रस्ता सोडल्यापासून बागेपर्यंत अडीच किलोमीटर मातीची पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. मध्ये एक व्हाळ (ओढा) लागतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्याला गुडघाभर पाणी असतं, जोर धरला की मांडीपर्यंत. शेवटचे तीनशे मीटर खडा चढ, लाल माती, पावसात साबणासारखी.

कामं अशी: जानेवारी ते मे नव्या कलमांसाठी आठवड्याला दोनदा हजार लिटरची टाकी. एप्रिल-मेमध्ये दिवसाला 60-65 क्रेट (एका क्रेटमध्ये 20 किलो आंबा) रस्त्यापर्यंत, कधी थेट रत्नागिरी किंवा कोल्हापूर. पावसाआधी 10 टन शेणखत, ऑगस्टमध्ये खताच्या गोण्या. यंदा पंपाच्या खोलीसाठी 1,500 चिरेही न्यायचेत. वर्षाचं एकूण धावणं 6,000 किलोमीटरच्या आसपास.

पर्याय दोन. पहिला, नवी फोर बाय फोर पिकअप, ऑन रोड 10-11 लाखांत. दुसरा, उत्तरेकडच्या एका डीलरने फोटो पाठवलेला टाटा एलपीटीए 713, अडीच टनी, मिलिटरी लिलावातला. किंमत 3.80 लाख, इथवर आणायचा खर्च वेगळा. फोटोतल्या नंबरात आधी वर जाणारा बाण आहे, मग 06D. त्याच्याकडेच एक शक्तिमान 2.5 लाखांत आहे. "पेपर क्लिअर" एवढंच सांगतो. पाणंदीचा आणि व्हाळाचा विचार करता ट्रककडे मन ओढतंय. काय काय तपासायचं, आणि मुळात घ्यावा का?

---

पासिंग_पंडित

आधी कागद. इंजिन, टायर, रंग सगळं त्यानंतर.

बाणापुढचे दोन आकडे म्हणजे वर्ष. 06D म्हणजे 2006 ची गाडी. पुढचं अक्षर गाडीचा वर्ग सांगतं, मग अनुक्रमांक आणि शेवटी तपासणीचं अक्षर. लष्कराची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली लष्कराच्या स्वतःच्या नोंदणीत असते, आपल्या आरटीओत किंवा वाहन पोर्टलवर नसते. लष्करी वापर संपला की नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. ती झालेली नसेल तर तो ट्रक तुमच्यासाठी चार चाकांवरचं लोखंड आहे.

आता 2006 चा मुद्दा. केंद्राने 16 जानेवारी 2023 ला अधिसूचना काढून 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं पुरी झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपवली, आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायच्या असं ठरवलं. चिलखती आणि विशेष कामाच्या लष्करी गाड्यांना सूट आहे, पण ती सूट देशाच्या संरक्षणाच्या कामात असेपर्यंत. तुमच्या बागेत शेणखत वाहताना ती चालणार नाही. त्यामुळे हल्ली लिलावाच्या अटीतच बऱ्याचदा लिहिलेलं असतं की हा लॉट फक्त भंगार केंद्रासाठी आहे. असा लॉट उचलून कुणी अख्खा ट्रक पुढे विकत असेल तर त्याच्याकडचा कागद मालाच्या डिलिव्हरीचा आहे. त्यावर पासिंग होत नाही.

डीलरकडून तीन गोष्टी मागा. व्हॉट्सॲपवर अंधुक फोटो नको, नीट स्कॅन हवेत.

लिलावाचा रिलीज किंवा सेल ऑर्डर. त्यात चेसिस आणि इंजिन नंबर असले पाहिजेत, आणि "भंगार म्हणून" असा शब्द कुठेही नसला पाहिजे. दुसरं, नागरी नोंदणी झालेली असेल तर आरसी. तो नंबर वाहन पोर्टलवर टाकून फिटनेस कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का ते बघा. तिसरं, मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. परराज्यातली गाडी एनओसीशिवाय महाराष्ट्रात नावावर होत नाही.

मग चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. आकड्यांच्या भोवती ग्राइंडरच्या रेघा, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा पातळ झालेली जागा किंवा ताज्या रंगाचा चौकोन दिसला तर तिथूनच मागे फिरा. मेलेल्या गाडीची आरसी जिवंत गाडीला चिकटवण्याचा धंदा या बाजारात जुना आहे, आणि पकडल्यावर गुन्हा ज्याच्या ताब्यात गाडी त्याच्यावर येतो.

"बागेतच फिरवणार, पासिंग कशाला" असं कुणी सांगेल. तुमची पाणंद गावाची आहे, खाजगी नाही. बिननोंदणीच्या गाडीचा दंड (कलम 192, पहिल्यांदा 2,000 ते 5,000) परवडेल एक वेळ. पण त्या गाडीला थर्ड पार्टी विमा मिळत नाही, आणि मागे हौद्यात बसलेला गडी पडला तर नुकसानभरपाई सगळी मालकाच्या खिशातून.

रंगाचंही सांगून ठेवतो. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याला, नियम 121. नागरी पासिंगला रंग बदलावाच लागतो.

---

रापचिक_राव

शक्तिमान घ्या हो! गावात दशावतार आला की रंगमंच म्हणून चालेल, मुलांना खेळायला, कोंबड्यांना बसायला. एवढी बहुगुणी पिकअप शोरूममध्ये मिळणार नाही. 😄

---

ग्रीसगन

थट्टा बाजूला. कागद खरोखर स्वच्छ निघाले, म्हणजे 2023 च्या आधीच नागरी नोंदणी झालेली आणि फिटनेस चालू असलेली गाडी असेल, तर ट्रक वाईट नसतो. लष्करी गाड्या किलोमीटरने कमी चाललेल्या असतात. पण वयाने म्हाताऱ्या असतात, आणि रबराला किलोमीटर कळत नाही, वर्षं कळतात. बघायला जाताना मेकॅनिक, टॉर्च, 10 टनी जॅक आणि दोन लाकडी ओंडके न्या.

सगळ्यात पहिली परीक्षा फोर बाय फोरची. डीलर पुढचा शाफ्ट किंवा हबच्या आतले गिअर काढून वेगळे विकतात आणि लिव्हर तसाच ठेवतात. मागच्या चाकांना ओंडके लावा, इंजिन बंद, पुढचं एकच चाक जॅकवर उचला. फोर बाय फोरचा लिव्हर टाका आणि उचललेलं चाक हाताने फिरवा. थोडा लॅश (ढिलेपणा) घेऊन अडलं तर जोडणी शाबूत आहे. गरगर फिरलं तर आत काहीतरी गायब आहे. लिव्हर काढून पुन्हा फिरवा, आता सुटलं पाहिजे. दोन्ही बाजूंना करा.

मग पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, स्टिअरिंग वळतं तिथला नकल बघा. तिथून काळं तेल किंवा पातळ झालेलं ग्रीस ओघळत असेल तर सील गेलंय, आणि व्हाळाचं पाणी थेट जॉइंटमध्ये जाणार.

ब्रेक हवेचे असतील तर इंजिन चालवून गेजवर दाब पूर्ण भरू द्या, बंद करा, पेडल दाबून धरा. काटा हळूहळू खाली येत राहिला तर डायफ्राम किंवा नळी फुटलेली आहे. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडा. थोडं पाणी चालतं, तेलकट दुधासारखं आलं तर कॉम्प्रेसर तेल ढकलतोय. प्रत्येक चाकाचे ब्रेक रबर आणि होज न बघता बदलायचे, त्यावर चर्चा नाही.

टायर: बाजूच्या भिंतीवर डॉटनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण असली तरी दहा वर्षांचा टायर भार घेऊन घाटात नेऊ नये. आणि ती आडव्या ठोकळ्यांची मिलिटरी नक्षी चिखलात झकास, ओल्या डांबरावर मात्र ब्रेक मारल्यावर सरकते. आंबा घाटाने कोल्हापूरला जायचं म्हणताय म्हणून सांगतो.

रिमबद्दल पंक्चरवाल्याला आधी विचारा. लॉक रिंगची रिम असेल तर हवा पूर्ण काढल्याशिवाय चाक खोलायचं नाही, आणि हवा पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळी बांधूनच भरायची. काही जुन्या लष्करी रिमा दोन भाग जोडून केलेल्या असतात. त्यात चाक बसवायचे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे नट वेगळे. हवा असताना दुसरे सोडले तर रिमचा अर्धा भाग माणसाच्या अंगावर येतो.

वीज 24 व्होल्ट, दोन बॅटऱ्या एकामागे एक. म्युझिक किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायची सवय लोकांना असते. ती बॅटरी कमी भरते, दुसरी जास्त भरते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. 24 ते 12 चा कन्व्हर्टर बसवा.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर बोनेटला हात लावल्यावर कळतं. चालू असताना तेलाचं झाकण काढा. फुक् फुक् करून वाफ जोराने बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या. डिझेल टाकीचा ड्रेन बोल्ट सोडून पहिला अर्धा लिटर बरणीत घ्या, तळाशी गंज आणि काळा चिकट गाळ आला तर टाकी उतरवून धुवा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी फिल्टर.

मागच्या डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला आणि त्यावर छोटा दिवा दिसला तर घाबरू नका. रात्री ताफ्यात मोठे दिवे न लावता मागच्या गाडीने त्या पांढऱ्या ठिपक्यामागे जायचं, त्यासाठीची ती सोय. तो दिवा अजून जागेवर असेल तर गाडीत फार उचकाउचकी झालेली नाही एवढा अंदाज बांधता येतो.

शक्तिमान मात्र डोक्यातून काढा. जर्मन मॅनच्या परवान्याने 1959 पासून बनलेला मजबूत ट्रक, पण जबलपूरचं उत्पादन 1990 च्या दशकातच थांबलं. सुटे भाग म्हणजे दुसरा मेलेला शक्तिमान शोधणं. 713 चं तसं नाही, टाटाचे बरेचसे भाग मिळतात. पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) यांचे भाग तेवढे लांजात किंवा रत्नागिरीत काउंटरवर मिळणार नाहीत.

---

सड्यावरचा

वरच्या दोघांनी ट्रक तपासला. मी पाणंद तपासायला सांगतो.

आठ फुटांचा बांबू घ्या, म्हणजे साधारण 2.44 मीटर. तो आडवा धरून डांबरापासून बागेपर्यंत चालत जा. जिथे गडग्याला अडेल तिथे या अंगाच्या ट्रकला आरशांसकट जायला वाव नाही. वळणावर बांबू सुटला तरी पुरत नाही, लांब गाडीचं मागचं चाक आतून कापतं, तिथे आणखी दोन-अडीच फूट लागतात. गडगा दुसऱ्याचा असेल तर काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. पिकअप 1.7 मीटरच्या आसपास रुंद असते.

दुसरं वजन. टाटाच्या नंबरात 7 म्हणजे साधारण 7 टन एकूण वजन आणि 13 म्हणजे 130 अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन, जसं 407 मध्ये 4 टन आणि 70. अडीच टन माल वजा केला तर रिकामा ट्रक साडेचार टन. पिकअप रिकामी पावणेदोन टनांच्या आत-बाहेर. व्हाळावर किंवा वाटेत कुठे पाइप टाकून केलेली मोरी असेल तर साडेचार टन रिकामे आणि सात टन भरून, ती किती दिवस टिकेल ते ग्रामपंचायतीलाही माहीत नसेल. आणि लाल मातीच्या चढावर वजन कामाला येतं हे अर्धसत्य आहे. जड गाडी रुतली की तिला काढायला तेवढीच जड दुसरी गाडी लागते. पिकअप रुतली तर ट्रॅक्टर काढतो.

तिसरं, जे कुणी बोलत नाही: कलमांची मुळं. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवरून साडेचार टन फिरवलं की चाकोरी दबून कडक होते, पाणी तुंबतं आणि हापूसच्या बारीक मुळांना तेच नको असतं. ताडपत्रीचा सांगाडा लावलेला ट्रक खालच्या फांद्याही झोडत जातो.

हिशोब. डिझेल 90 रुपये लिटर धरा, 6,000 किलोमीटर. पिकअप भाराने 10 ची सरासरी देते असं धरलं तर 600 लिटर. ट्रक 4.5 ची, तर 1,333 लिटर. फरक 733 लिटर, म्हणजे वर्षाला 66,000 रुपये. यात दोन बॅटऱ्या, मोठे टायर आणि गाडी बंद पडली त्या दिवशीचा आंबा धरलेला नाही. मेमध्ये तयार फळ दोन दिवस बागेत पडून राहिलं की दर काय मिळतो ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि चिऱ्यांसाठी मोठी गाडी मनात आणू नका. 14×9×7 इंचाचा चिरा 30 किलोच्या घरात, 1,500 चिरे म्हणजे 45 टन. अडीच टनी ट्रकच्याही 18 खेपा. चिरेखाणीचा ट्रक डांबरापर्यंत आणि पुढे भाड्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली, आठवड्यात विषय संपला. शेणखताचंही तेच. वर्षातून एकदाच्या कामासाठी वर्षभर साडेचार टन सांभाळायचे नसतात.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक अडीच टनी एम-35 लष्करी ट्रक घेऊन रानात फिरताना दिसतात. तिथे सरकारी लिलावातून एसएफ-97 नावाचा कागद मिळतो, त्यावर कित्येक राज्यांत नोंदणी होते, आणि त्यांच्या रानात गडगे नसतात.

---

कलम_आणि_काजू

बांबू घेऊन गेलो. सरळ पट्ट्यात सगळीकडे सुटला, पण दोन वळणांवर अडला, आणि एका वळणाचा गडगा चुलत्यांचा. व्हाळाला मोरी नाही, खडकाळ उतार आहे.

डीलरने शेवटी कागद पाठवला. वर "सेल" आहे, पण मालाच्या वर्णनात स्क्रॅप लिहिलंय, आणि चेसिस नंबर हाताने लिहिलेला. पंडितजी, विषय संपला ना?

म्हणजे पिकअप. आता ती घेताना काय बघू? आणि व्हाळातून तिचं काय होईल?

---

पासिंग_पंडित

संपला. टोकन दिलं नसेल तर देऊ नका.

पिकअपला एक गोष्ट आधी बघा, एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू. 3,000 किलोच्या आत असेल तर कलम 66 प्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. म्हणून या वजनाच्या अगदी खाली थांबणारी मॉडेलं कंपन्या ठेवतात. 1.7 टनी वगैरे मोठी घेतलीत की परमिट आलं. कुठलीही घेतली तरी पिवळी पाटी, फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) पुरतं. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा जुन्या कोटेशनवर सही करू नका.

---

ग्रीसगन

फोर बाय फोर पिकअप शोरूममध्ये उभी नसते, मागवावी लागते. महिंद्राची बोलेरो आणि टाटाची योद्धा दोन्हींत फोर बाय फोरची मॉडेलं आहेत. सेल्समन "घाटात आरामात चढते" म्हणून फोर बाय टू (दोनच चाकांना ताकद असलेली) गळ्यात मारायला बघेल. बुकिंगच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि ट्रान्सफर केसला लो रेंज (जास्त ओढीचे हळू गिअर) आहे का ते विचारा, तुमचा तीनशे मीटरचा चढ लोनेच चढायचाय. फोर बाय फोरचं पेलोड (माल उचलायची क्षमता) त्याच जातीच्या साध्या गाडीपेक्षा कमी असतं. हजार लिटरची टाकी, तिचा स्टँड आणि दोन गडी मिळून साडेअकराशे किलो होतात. पेलोड तेवढं नसेल तर 750 ची टाकी बसवा. टाकी केबिनला टेकवून बांधायची, मागे फाळक्याकडे नाही, आणि अर्धी भरून चढावर न्यायची नाही. पाणी मागे धावतं आणि पुढची चाकं हलकी होतात. 65 क्रेटही क्रेटच्या वजनासकट 1,400 किलोवर जातात, म्हणून दोन खेपा धरूनच चाला.

व्हाळ. चालून गरम झालेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं. उपाय शे-दोनशे रुपयांचा: ॲक्सलवरच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती केबिनच्या मागच्या बाजूला वर नेऊन बांधा, तोंड खाली वळवून. पुढचा, मागचा आणि ट्रान्सफर केसचा, तिन्ही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी ड्रेन बोल्ट अर्धा आटा सैल करा. पाणी तळाशी बसलेलं असतं, आधी तेच येतं. दुधाळ आलं तर तेल बदला, "पुढच्या सर्व्हिसला बघू" नको.

व्हाळात शिरायच्या आधी लो रेंजमध्ये पहिला गिअर टाका आणि मधे क्लच दाबू नका. भिजलेली क्लच प्लेट घसरते आणि पुढच्या चढावर जळते. बाहेर आल्यावर ब्रेक हलका धरून शे-दोनशे मीटर चला. मांडीपर्यंत वाहतं पाणी असेल त्या दिवशी पिकअप अलीकडेच राहील. ट्रक असता तरी तेच सांगितलं असतं.

बीएस-6 चं एक दुखणं आहे. रोज अडीच किलोमीटर जायचं आणि बंद करायची, असं केलं की डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठते आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा 25-30 मिनिटं हायवेला एका लयीत पळवा. दिवा लागलेला असताना मधेच बंद करू नका.

---

सड्यावरचा

टायरचं राहिलं. शोरूमचे टायर रस्त्याचे असतात. मागचे दोन तरी जाड ठोकळ्यांचे करून घ्या, माप तेच ठेवा. रिकाम्या गाडीला चिखलाच्या चढावर मागची हवा 25-28 पीएसआयपर्यंत उतरवली तरी चालते, पण भार घालायच्या आधी परत भरायची. हौद्यात पायाने मारायचा पंप नको, बॅटरीवरचा कॉम्प्रेसर ठेवा. आणि ऑगस्टमध्ये रिकामं वर जाताना मागच्या ॲक्सलवर वाळूच्या पाच-सहा गोण्या टाका.

चुलत्यांच्या गडग्याजवळचं वळण पिकअपने एका झटक्यात निघतं का, ते बुकिंगच्या आधी कुणाची तरी गाडी नेऊन बघा. मोठ्या हौद्याच्या मॉडेलची लांबी वेगळी असते.